बशी, बाटल्या आणि चूल

१८७३ सालचा उन्हाळा सरत आला होता. कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या सीमेवर, सिएरा नेवाडाच्या डोंगरांनी वेढलेल्या टाहो तलावात जॉन लेकॉन्ट नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होडी घेऊन गेले आणि त्यांनी दोरीला बांधलेली जेवणाची पांढरी बशी पाण्यात सोडली. बशी खाली जात राहिली आणि दिसत राहिली. ३३ मीटर खोल जाईपर्यंत दिसली. दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली अंगणात ठेवलेली बशी दिसावी तसंच ते, फक्त मधे हवेऐवजी पाणी.

लेकॉन्ट ज्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवत होते, ते तेव्हा अवघं पाच वर्षांचं होतं. राज्याच्या पैशांतून १८६८ साली निघालेल्या या विद्यापीठाचे आज दहा परिसर आहेत. बर्कली सगळ्यांत जुना, मर्सेड सगळ्यांत नवा, आणि मधे डेव्हिस, अर्वाइन, रिव्हरसाइड, सॅन दिएगो वगैरे. विद्यार्थी तीन लाखांच्या आसपास. आपल्याकडे विद्यापीठ म्हटलं की संलग्न महाविद्यालयं आणि परीक्षा विभागासमोरची रांग डोळ्यांपुढे येते. तिथे प्रत्येक परिसर स्वतःच एक पूर्ण विद्यापीठ असतो आणि त्याची स्वतःची खोड असते. शेती आणि पाण्याचं काही असेल तर डेव्हिस, समुद्राचं असेल तर सॅन दिएगोची स्क्रिप्स संस्था, संत्र्या-लिंबांचं असेल तर रिव्हरसाइड. पर्यावरण विज्ञान हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून या परिसरांत काही माणसं कुणी न सांगता काहीतरी मोजत बसली होती. हे प्रकरण त्यांच्याबद्दल आहे.

लेकॉन्टच्या बशीचंच बघा. जवळपास शंभर वर्षांनी डेव्हिसचे चार्ल्स गोल्डमन त्याच तलावात पांढरी तबकडी सोडू लागले. आता ती जेवणाची राहिली नव्हती. तिला रीतसर सेकी तबकडी म्हणतात आणि तिचा व्यास २५ सेंटिमीटर असतो. होडी थांबवायची, तबकडी सोडायची, ती दिसेनाशी होते तिथे दोरीवरचा आकडा वाचायचा. शाळकरी पोरानंही करावं इतकं सोपं काम. मात्र ते वर्षानुवर्षं, बर्फ पडत असतानाही करायचं, ही त्यातली मेख. १९६८ साली तबकडी सरासरी ३१ मीटरपर्यंत दिसत होती. तलावाकाठी हॉटेलं आली, जुगारगृहं आली, शेजारच्या खोऱ्यात १९६० चं हिवाळी ऑलिम्पिक होऊन गेलं होतं, रस्ते आणि घरं वाढत होती. पाणी तर पिण्यालायकच होतं, मग तक्रार कसली? गोल्डमन यांचं म्हणणं असं की नायट्रोजन आणि फॉस्फरस थेंबाथेंबानं जरी पाण्यात उतरले तरी शेवाळ वाढतं आणि निळा तलाव हिरवा व्हायला लागतो. म्हणून प्रक्रिया केलेलं सांडपाणीसुद्धा तलावात नको. पुढे ते खरोखरच पंपानं चढवून डोंगरापलीकडे नेण्यात आलं. तरीही तबकडी वर वर सरकत गेली. २०१७ साली ती सरासरी १८ मीटरवरच दिसेनाशी होत होती, २०२३ मध्ये २१ मीटरच्या जवळपास. डेव्हिसचे संशोधक ज्या बोटीतून ही मोजणी करतात, तिचं नाव ‘जॉन लेकॉन्ट’ आहे.

टाहोची दोरी जितकी साधी, तितकीच चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांची बाटलीही. पण त्या बाटलीनं जगाची झोप उडवली.

१९५५ साली कीलिंग सत्तावीस वर्षांचे होते. त्यांनी रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती आणि ते कॅलिफोर्नियातच दुसऱ्या एका, खासगी, संस्थेत काम करत होते. डोंगर-जंगलांतून भटकायची हौस दांडगी. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचा प्रकल्प मिळाला, तशी ही हौस आणि काम यांची मोट बांधून ते बिग सर या किनारी जंगलात तंबू ठोकून राहिले. पाच लिटरच्या काचेच्या बाटल्या, आतली हवा आधीच काढून टाकलेली. श्वास रोखून तोटी उघडायची, बाहेरची हवा आत घुसली की पुन्हा बंद करायची. श्वास रोखायचा, कारण माणसाच्या एका उच्छ्वासानं सगळा हिशेब चुकतो. दर काही तासांनी हेच, दिवसा आणि रात्रीही, झोपेतून उठून. रात्री कोणी मोजायला सांगितलं नव्हतं. पण त्यातूनच कळलं की रात्री झाडं आणि माती श्वास सोडतात तेव्हा आकडा चढतो आणि दुपारी, हवा नीट घुसळली गेली की तो एका ठरावीक पातळीवर येतो: हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे सुमारे ३१०. जंगलात गेलं तरी ३१०, वाळवंटात गेलं तरी ३१०. तोवर असं मानत की हा वायू जागोजागी वेगळा असतो. कीलिंग यांना दिसलं की साऱ्या पृथ्वीचा मिळून एक आकडा आहे आणि तो सापडू शकतो.

स्क्रिप्सचे संचालक रॉजर रेव्हेल यांना तो हवाच होता. कोळसा-तेल जाळून निघालेला वायू समुद्र गिळून टाकतो, असं तोवर सगळे निर्धास्तपणे धरून चालले होते. समुद्र तो आपल्याला वाटतो तितक्या सहज गिळत नाही, हे रेव्हेल आणि हान्स झ्यूस यांनी १९५७ मध्ये मांडलं. (हेच रेव्हेल पुढे भारताच्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य होते. कोल्हापूरचे जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव. हवामानबदलाच्या इतिहासातला एवढा मोठा माणूस आपल्या शाळांच्या आकृतिबंधावरही डोकं खाजवून गेला, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.) १९५६ मध्ये कीलिंग स्क्रिप्समध्ये आले आणि आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्तानं हवाई बेटांवरच्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर त्यांचं यंत्र बसलं. मार्च १९५८ मधली पहिली नोंद होती ३१३.

पहिल्या वर्षी यंत्रानं छळलं. वीज जाई, आकडा मे महिन्यापर्यंत चढे आणि मग उतरू लागे. काहीतरी बिघडलं असावं, असंच कीलिंग यांना वाटलं. दुसऱ्या वर्षी तोच चढ आणि तोच उतार. मग उलगडा झाला. उत्तर गोलार्धातल्या झाडांना पालवी फुटते तेव्हा ती वायू ओढून घेतात, पानगळीनंतर परत देतात. पृथ्वीचा श्वासोच्छ्वास प्रथमच कागदावर उमटला होता. आणि दर वर्षीचा मेचा कळस आदल्या वर्षीपेक्षा थोडा वर होता.

पुढचा इतिहास विज्ञानाचा कमी आणि चिवटपणाचा जास्त. पैसे देणाऱ्यांचा सवाल दर काही वर्षांनी तोच: आकडा वाढतोय हे कळलं ना एकदा, मग परत परत कशाला मोजायचं? रोज तेच करणं म्हणजे संशोधन नव्हे, ती हजेरीवहीच, असा एकूण सूर. १९६४ साली निधीअभावी काही महिने मोजणी बंदच पडली आणि त्या रेषेत आजही तेवढी फट आहे. कीलिंग पुन्हा उभे राहिले, भांडले, अर्ज लिहिले, आणि २००५ साली गेले तोवर मोजत राहिले. ते काम आता त्यांचे चिरंजीव राल्फ कीलिंग बघतात. २०१३ च्या मे महिन्यात आकड्यानं ४०० ला हात लावला, २०२५ च्या मेमध्ये तो ४३० च्या पुढे गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआ जागा झाला आणि लाव्हारसानं वेधशाळेचा रस्ताही तोडला, वीजही. तेव्हा मोजणी तात्पुरती शेजारच्या मौना केआ शिखरावर हलवली. १९६४ ची फट पुन्हा पडू द्यायची नव्हती.

रिव्हरसाइडला मोजायचं यंत्र म्हणजे चक्क भाजीची पानं होती. १९४४ च्या सुमारास लॉस एंजलिसच्या आसपासच्या मळ्यांत पालक आणि लेट्यूस यांच्या पानांची खालची बाजू चंदेरी, मग तांबूस पडू लागली. ना कीड, ना बुरशी. जॉन मिडलटन आणि त्यांचे सहकारी पिकांच्या रोगांचा अभ्यास करणारे; त्यांनी हा रोग हवेतून येतो असं निदान केलं. शहराच्या धुरकट हवेबद्दल माणसं डोळे चोळत तक्रारी करत होती, त्याच सुमारास पालकानं पुरावा देऊन टाकला होता.

अर्वाइनचा परिसर १९६५ साली सुरू झाला, म्हणजे तेव्हा या घराण्यातल्या धाकट्यांपैकीच. तिथल्या रसायनशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख शेरवुड रोलंड. १९७२ मध्ये त्यांच्या कानावर आलं की जेम्स लव्हलॉक या इंग्रज शास्त्रज्ञाला भर समुद्रातल्या हवेतही क्लोरोफ्लुरोकार्बनचा मागमूस सापडला. हे सीएफसी वायू म्हणजे त्या काळचे गुणी बाळ. विषारी नाहीत, पेट घेत नाहीत, कशाशी भांडत नाहीत. फ्रिजमध्ये तेच, केसांच्या स्प्रेमध्येही तेच. रोलंड यांच्या मनात इतकाच प्रश्न आला की कशाशीच भांडत नाहीत तर मग जातात कुठे? १९७३ मध्ये मेक्सिकोहून आलेला, बर्कलीत डॉक्टरेट केलेला तिशीचा मारियो मोलिना त्यांच्याकडे रुजू झाला. रोलंड यांनी विषयांची यादी पुढे केली आणि त्यानं नेमका हा उचलला.

उत्तर कागदावरच निघालं. खाली काहीच त्यांना फोडत नाही म्हणून ते वर वर जातात. ओझोनच्याही वर पोचले की कडक अतिनील किरण त्यांना फोडतात आणि क्लोरीनचा अणू मोकळा होतो. तो ओझोनचा एक रेणू मोडतो, पुन्हा मोकळा होतो, दुसरा मोडतो. एकेक अणू असे लाखभर रेणू मोडू शकतो. आकडेमोड चुकली असेल या धास्तीनं दोघं नाताळच्या दिवसांत बर्कलीला हॅरोल्ड जॉन्स्टन यांच्याकडे गेले. विमानांच्या धुरानं ओझोनचं काय होतं, हा त्यांचा विषय. घरातल्याच वडीलधाऱ्याला हिशेब दाखवावा तसं. हिशेब बरोबर होता. त्या दिवसांत रोलंड यांनी घरी बायकोला सांगितलेलं एक वाक्य पुढे प्रसिद्ध झालं: काम छान चाललंय, फक्त जगाचा अंत होणार असं दिसतंय.

२८ जून १९७४ ला ‘नेचर’मध्ये त्यांचा निबंध आला आणि उद्योगजगत तुटून पडलं. एकही माणूस वर जाऊन बघून आलेला नाही आणि म्हणे कारखाने बंद करा! शास्त्रज्ञानं शोध लावावा आणि धोरणं ठरवणाऱ्यांवर सोडावं, हा तेव्हाचा शिष्टाचार. रोलंड यांनी तो मोडला. समित्यांपुढे आणि पत्रकारांपुढे ते उघड सांगत राहिले की स्प्रे बंद करा. अमेरिकेनं १९७८ मध्ये बहुतेक स्प्रेंमधला हा वायू बंद केला. १९८५ मध्ये ब्रिटिश चमूनं अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भगदाड दाखवलं, १९८७ मध्ये मॉंट्रियल करार झाला, आणि १९९५ मध्ये या दोघांना पॉल क्रुटझन यांच्यासोबत नोबेल मिळालं. गरीब देशांना पर्यायी तंत्रासाठी निधी द्यायचं ठरल्यावर भारत १९९२ मध्ये करारात आला.

हे सगळं चालू असताना याच वायूशी वैतागून ओळख झालेला एक तमिळ तरुण अमेरिकेत शिकत होता. हे वीरभद्रन रामनाथन. इंजिनिअर झाल्यावर सिकंदराबादच्या एका फ्रिज बनवणाऱ्या कारखान्यात त्यांच्याकडे काम आलं ते यंत्रातून वायू का गळतो हे शोधण्याचं. कंटाळून ते संशोधनाकडे वळले. १९७५ मध्ये त्यांनी दाखवलं की गळणारा हा वायू ओझोनच खातो असं नाही, तो उष्णताही अडवून धरतो, आणि रेणूला रेणू तोलला तर कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पट. कारखान्यातली गळती अशी कामी आली!

१९९० मध्ये रामनाथन स्क्रिप्समध्ये दाखल झाले. १९९९ मध्ये त्यांच्या पुढाकारानं विमानं, जहाजं आणि दोनशेहून जास्त शास्त्रज्ञ हिंदी महासागरावर मोहिमेला निघाले. त्यांना सापडला सुमारे तीन किलोमीटर जाडीचा तपकिरी धुरकट थर, सूर्याचा प्रकाश अडवणारा. २००२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानं त्याला ‘आशियाई तपकिरी ढग’ असं नाव दिलं, तेव्हा भारतीय शास्त्रज्ञ उखडले. धूर काय आशियातच निघतो? नावातून आशिया गेलं. राग रास्तच होता. पण ढग नाव बदलल्यानं विरत नाही, आणि त्यातला मोठा वाटा लाकूड, गोवऱ्या, काटक्या जाळण्यातून येत होता, म्हणजे घराघरातल्या चुलीतून.

त्या चुलीपाशी बर्कलीचे कर्क स्मिथ बऱ्याच आधी येऊन बसले होते. १९८१ साली, बर्कलीत प्राध्यापक होण्याआधी, ते गुजरातच्या खेड्यांत गेले. प्रदूषण मोजायचं ते शहरातल्या चौकात खांबावर यंत्र टांगून, अशी तेव्हाची रीत. स्मिथ यांनी यंत्र बाईच्या अंगावर अडकवलं. ती स्वयंपाक करते तेव्हा तिच्या नाकाशी काय असतं?

ते काय असतं, हे चुलीवर भाकरी भाजलेल्या कोणत्याही बाईला आकड्यांशिवायही ठाऊक आहे. पावसाळ्यात सरपण ओलं असतं. विदर्भात पऱ्हाट्या आणि तुराट्या, कोकणात पातेरा आणि काटक्या. फुंकणीनं फुंकर घातली की आधी धूर येतो, मग जाळ. डोळे चुरचुरतात, पदरानं पुसायचे, परत फुंकायचं. आढं काळं, भिंत काळी, पाठीशी तान्हं मूल. स्मिथ सांगत की उघडी चूल म्हणजे स्वयंपाकघरात तासाला चारशे सिगारेटी जाळणं. त्यांनी आणखी एक हिशेब मांडला होता: वीजघराच्या उंच धुराड्यातून बाहेर पडलेल्या कणापेक्षा घरातल्या चुलीतून निघालेला कण कुणाच्या तरी छातीत जाण्याची शक्यता हजार पटीनं जास्त. म्हणजे धूर किती निघाला यापेक्षा तो कुठे निघाला हे महत्त्वाचं. एवढी उघड गोष्ट शास्त्राच्या नजरेतून इतकी वर्षं निसटली, याचं कारण बहुधा हेच की प्रयोगशाळा चालवणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी कधी फुंकणी हातात धरली असेल.

स्मिथ यांचा मोठेपणा त्यांनी स्वतःचं मत बदललं यात जास्त दिसतो. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात त्यांनी पाचशेहून जास्त घरांत मोठी चाचणी घेतली: निम्म्या घरांत उघडी चूल, निम्म्या घरांत धुराड्याची, आपल्या निर्धूर चुलीच्या जातीची. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले. धूर अंगावर येण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं, मुलांमधला गंभीर न्यूमोनिया कमी झाला, पण एकूण न्यूमोनियात ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही. निम्मा धूरही छातीला जास्तच होत होता. तेव्हा चूल सुधारत बसण्यापेक्षा गरिबालाही श्रीमंताचंच इंधन, गॅस नाहीतर वीज, मिळालं पाहिजे, असं ते म्हणू लागले. २०१६ मध्ये भारतात उज्ज्वला योजना आली तेव्हा त्यांनी तिची मोकळेपणानं वाखाणणी केली. कोपऱ्यात सिलिंडर आणि बाजूला पेटलेली चूल, हे चित्र आजही कितीतरी घरांत दिसतं, कारण पुढच्या टाकीचे पैसे जवळ नसतात. स्मिथ यांनाही ते दिसत होतं. २०२० च्या जूनमध्ये ते गेले.

बर्कलीतच चुलीचं वेगळं गणित मांडणारा एक मुंबईकर होता. अशोक गाडगीळ मुंबई विद्यापीठातून भौतिकशास्त्र शिकले, आयआयटी कानपूर करून बर्कलीला गेले आणि १९७९ मध्ये तिथेच डॉक्टर झाले. १९९२-९३ मध्ये बंगालमध्ये कॉलऱ्याची नवी जात पसरली तेव्हा त्यांनी पाणी हाती घेतलं. अतिनील किरणांनी जंतू मरतात, हे ज्ञान जुनंच. अडचण अशी की दिवा पाण्यात बुडवला की त्यावर थर चढतो आणि तो घासत बसावं लागतं. गाडगीळ यांनी दिवा पाण्याच्या वर टांगला आणि पाणी पन्हळीतून वाहावं तसं त्याखालून आपल्या वजनानं वाहू दिलं. पंप नको, नळाचा दाब नको. ६० वॉटच्या विजेवर मिनिटाला १५ लिटर. पुढे त्यांनी पश्चिम बंगालच्या विहिरींतलं आर्सेनिक लोखंडाच्या पट्ट्यांतून वीज सोडून काढायची रीत बसवली आणि धपधपी गावातल्या शाळेत तिचं केंद्र उभं राहिलं. २०२३ मध्ये त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं.

आणि चूल? २००५ मध्ये सुदानमधल्या दारफूरच्या निर्वासित छावण्यांत ते गेले. गॅस किंवा वीज यांचं नावही तिथे काढण्यात अर्थ नव्हता. बायका सरपणासाठी छावणीबाहेर तासन्‌तास चालत आणि वाटेत त्यांच्यावर हल्ले, बलात्कार होत. इथे सुधारित चूल म्हणजे धुराचा प्रश्न नव्हता. लाकूड निम्मं लागलं तर बाहेरच्या फेऱ्या निम्म्या होतील, एवढाच हिशेब होता. भारतातली ‘तारा’ चूल आधाराला घेतली, पण ती तशीच्या तशी चालेना. दारफूरमध्ये वारा उघड्यावर सुसाट वाहतो, तेव्हा जाळ सांभाळायला भांड्याभोवती पत्र्याची कड आली आणि लाकूड सारायचं तोंड लहान झालं. तिथलं रोजचं अन्न असिदा, म्हणजे ज्वारी-बाजरीच्या पिठाचा घट्ट घाटा. तो घाटताना बायका लाकडी दांड्यावर अंगाचा सगळा भार टाकतात आणि चूल कलंडते. म्हणून चुलीला रुंद पाय दिले, आणि हवंच असेल तर वाळूत रोवायच्या खुंट्या. चुलीचे पत्रे मुंबईत कापले जात, सपाट गठ्ठे बांधून सुदानला रवाना होत आणि दारफूरचे कारागीर ते वाकवून जोडत. छावणीतल्या बायकांना जुन्या आणि नव्या चुलीवर तोच घाटा शिजवायला सांगत आणि प्रत्येक वेळी आधी सरपण तराजूत टाकत, उरलेलं नंतर पुन्हा तोलत.